मला तिथे मुळीच आवडलं नाही

बँकेतली निम्मी नोकरी मी तपासणी खात्यात काढली. आज या शाखेत, उद्या त्या शाखेत जायचं, आठ-पंधरा दिवस ठाण मांडून बसायचं आणि कुणी काय झाकून ठेवलंय ते उघडं करायचं. त्या नोकरीत एक गोष्ट मी पक्की शिकले. ज्या शाखेत पहिल्याच सकाळी चहाबरोबर काजू येतात, तिथे कुठेतरी पाणी मुरत असतं. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी ही खोड गेलेली नाही. त्यामुळे एका रविवारी मुलाने आणि सुनेने मला समोर बसवलं, हातात फिल्टर कॉफी दिली आणि "आई, आम्ही तुला इंग्लंडला पाठवतोय" असं सांगितलं, तेव्हा मला आनंदाच्या आधी शंका आली.

कॉफीबरोबर काजूसुद्धा होते.

आमचं घर तीन माणसांचं. मी साताऱ्याची. लग्न होऊन आले ती चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या सरकारी क्वार्टरमध्ये, कारण नवरा तिथल्या संरक्षण कारखान्यात होता. पुढे त्याने चेन्नईत नुंगंबाक्कमला फ्लॅट घेतला आणि हौसेने सजवला, पण त्यात राहायला त्याला फार काळ मिळाला नाही. आता तिथे मी, मुलगा आणि सून. मुलगा चेन्नईतच जन्मला. माझ्याशी मराठीत बोलतो, जगाशी तमिळमध्ये, आणि रागावला की इंग्रजीत. सून तंजावरच्या मराठी घरातली. तिच्या माहेरचे लोक इतक्या पिढ्यांपासून इकडे आहेत, की तिचं मराठी ऐकून पहिल्या दिवशी मला एखादी जुनी पोथी बोलू लागल्यासारखं वाटलं होतं. ती विचारत नाही, 'पुसते'; स्वतःबद्दल बोलतानाही 'करतो', 'सांगतो' म्हणते. मधूनच तमिळ शब्द पेरते. पण मुलगी गोड आहे, आणि मला त्याचीही शंका यायची.

"इंग्लंडला म्हणजे कुठे? लंडनला?" मी विचारलं.

"नाही, खेड्यात," मुलगा म्हणाला. "मोठं दगडी घर असतं. आठ-दहा पाहुणे राहतात. घरात एक यजमान जोडपं असतं. ते जेवायला घालतात, फिरायला नेतात, संध्याकाळी गप्पा मारतात. तू फक्त राहायचं."

"फक्त राहायला एवढ्या लांब कशाला जायचं? फक्त मी इथेही राहतेच की."

"आई, चुम्मा जावून या की," सून म्हणाली. चुम्मा म्हणजे उगीच, सहज. "मन हलकं होतं. कामाचं सगळं मी बघून घेतो. मला काय पुसायचं ते पुसा, मी सांगतो."

मला पुसायचं बरंच होतं, पण त्या दोघांना नाही. दुसऱ्या दिवशी मी एकटीच एग्मोरला, ही सहल विकणाऱ्या ट्रॅव्हल एजंटच्या ऑफिसात गेले. असल्या सहली कोण कोण घेतं, असं विचारलं. तो म्हणाला, "मोस्टली सीनियर सिटिझन्स, मॅडम. सिंगल लोक. फुल रेस्ट." एकटे, म्हातारे आणि पूर्ण विश्रांती. तिन्ही शब्द त्याने असे कौतुकाने उच्चारले, की मी त्याच्याकडे बघतच राहिले.

मनात शंकेची पाल का चुकचुकत होती ते सांगते. आमच्या खालच्या मजल्यावर एक मामी राहायच्या. भल्या बाई, रोज दारात रांगोळी, रोज संध्याकाळी माझ्याशी गच्चीवर गप्पा. त्यांच्या मुलांनी त्यांना पंधरवडाभर हवापालटाला म्हणून कोइम्बतूरजवळच्या एका वसाहतीत नेलं. छान बंगल्या, आवारात देऊळ, सात्त्विक जेवण, दाराशी डॉक्टर. मामींनी फोनवर सगळ्याची स्तुती केली, स्वभावच तसा. पंधरवड्यानंतर मुलं म्हणाली, अम्मा, तुला इथे किती मानवलंय बघ! मामी परत आल्याच नाहीत. त्यांचं सामान टेम्पोतून गेलं आणि फ्लॅटमध्ये कुणी दुसरेच लोक राहायला आले. त्यानंतर कितीतरी दिवस मी त्या दारावरून जाताना मान वळवून जात असे.

आणि सहलीची गोष्ट निघाल्यावर चार दिवसांनी मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते, तेव्हा आतून मुलाचं फोनवरचं बोलणं कानावर आलं. कुणाशी तरी इंग्रजीत बोलत होता. "आधी आई तिथे रमते का बघू दे. मग तुम्हाला नक्की काय ते कळवतो."

माझ्या हातातला टॉवेल तसाच राहिला. चिमटा लावायचंही सुचेना.

स्पष्टच सांगते. मला माझ्या मुलाजवळ राहायचं होतं. त्याच्या येण्याची चाहूल लागली की कुकर लावायचा होता, सुनेच्या सांबारात गूळ टाकावा की नाही यावरून रोज वाद घालायचा होता. कितीही देऊळ आणि डॉक्टर दिले तरी मला कुठल्या वसाहतीत जायचं नव्हतं. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी रडत नाही, तपासणी सुरू करते.

नाही म्हणावं, असंही मनात आलं. पण नाही म्हटलं असतं तर त्यांनी दुसरी युक्ती काढली असती. त्यापेक्षा जावं आणि नापास होऊन यावं. आई घराबाहेर परक्यांच्यात राहू शकत नाही, तिला काही म्हणजे काही आवडत नाही, असा पक्का निकाल लागला की विषय कायमचा मिटला. मी "जाते" म्हणाले. दोघांनी एकमेकांकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी टिपून ठेवली.

गावाबद्दल काय सांगू? टेकड्यांच्या कुशीत पंचवीस-तीस दगडी घरं, एक चर्च, एक पब, एक दुकान आणि त्या दुकानातच पोस्ट. शेतांना दगडावर दगड रचलेले बांध, मध्ये चुना नाही की सिमेंट नाही. मेंढ्या तर माणसांपेक्षा जास्त. मोटारीतून उतरले तेव्हा इतकी शांतता होती, की मला आधी वाटलं विमानात कान बंद झालेत ते उघडलेच नाहीत.

यजमानीण दारात उभी होती. गुटगुटीत, पांढऱ्या केसांची, पिठाचे हात पुसत पुढे आली. तिचा नवरा उंच, वाकलेला, गळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत नकाशा अडकवलेला. दोघांनी माझं असं स्वागत केलं जसं काही मी त्यांची बऱ्याच वर्षांनी आलेली मावशी. झालं, मी कामाला लागले.

पहिल्या तासात काय दिसलं ते ऐका. बैठकीच्या खोलीत उंच बैठकीच्या, हातांच्या खुर्च्या भिंतीला लावून ओळीने मांडलेल्या. न्हाणीघरात धरायला पांढरी दांडी. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा. जेवायची वेळ झाली की घंटा. पाहुणे आठ, त्यांतले सहा जण एकटे, आणि सगळ्यांचे केस पांढरे. रात्री अंथरुणात पाय घातले तर पायाशी कुणीतरी गरम पाण्याची पिशवी ठेवलेली. मला दुसरा पुरावा नको होता. हे कोइम्बतूरच होतं, फक्त थंडीतलं.

दुसऱ्या दिवशी न्याहारीला मी यजमानणीला सहज विचारतेय असं दाखवून विचारलं, "इथे कुणी कायमचं राहतं का हो?"

ती हसून म्हणाली, "बऱ्याच जणांना जाताना तसं वाटतं खरं!"

मी मनातल्या मनात लाल शाईने खूण केली.

पण खरा दणका पुढे बसला. ती माझ्या कपात कॉफी ओतत म्हणाली, "तुमचा मुलगा किती काळजी घेतो हो तुमची! आम्हाला त्याने केवढे प्रश्न विचारले. हिवाळ्यात इथे रस्ते बंद होतात का, जवळचा डॉक्टर किती लांब, शाकाहारी माणसाला दुकानात काय काय मिळतं, एकट्या बाईला इथे कंटाळा येईल का. आठ दिवसांसाठी एवढं कुणी विचारत नाही."

"नाही विचारत," मी म्हणाले. मी तर आले होते भर उन्हाळ्यात. हिवाळ्याशी माझा काय संबंध? मला खात्रीच पटली, की हे नुसतं नमुन्याला आहे. इथे जे मानवेल, तशीच जागा तिकडे शोधणार.

तेव्हापासून मी ठरवलं, की ताकास तूर लागू द्यायची नाही. रोज दुपारच्या चहाच्या वेळी मुलाचा फोन यायचा. तिकडे चेन्नईत त्यांचं जेवण आटोपलेलं असायचं.

"कशी आहेस आई? जेवलीस नीट?"

"कसलं जेवण! उकडलेलं गवत. मीठसुद्धा वरून घ्यायचं."

"थंडी सोसतेय?"

"हाडं गोठली माझी. जून महिन्यात स्वेटर घालून बसलेय. भिंतींना ओल आहे."

"माणसं कशी आहेत?"

"गोड. अति गोड. मला नाही आवडत."

 शेवटी तो तमिळमध्ये 'बरं' म्हणायचा, "सरी, आई. काळजी घे." मागून सून काहीतरी पुसायची, तो तिला हळू आवाजात उत्तर द्यायचा, आणि मी कान टवकारूनही मला ते कळायचं नाही.

आता खरं काय होतं तेही सांगते, कारण ते न सांगता पुढचं समजायचं नाही. पहिला फोन आला तेव्हा माझ्या समोर आंबट-गोड देठांचा एक गरम पदार्थ होता, वर लोण्यात चुरलेलं पीठ खरपूस भाजलेलं, आणि मी त्याची भरली वाटी संपवत होते. उकडलेलं गवत म्हणताना तोंडात घास होता. पहिल्या सकाळी मी कॉफीला नाक मुरडलेलं यजमानणीने पाहिलं होतं. मी काही बोलले नव्हते. दुसऱ्या दिवसापासून ती माझ्यासाठी वेगळं भांडं ठेवून, दुधात कडक कॉफी उकळून द्यायला लागली. आमच्या डिकाशनची सर नव्हती त्याला, पण तिने केली होती. लग्न झाल्यापासून मी कुणाकडे राहायला म्हणून गेले की दुसऱ्या दिवशी माझ्या हातात विळी यायचीच. साताऱ्याला आई होती तोवर माहेरपण होतं. ती गेल्यावर "आज तुला काय खावंसं वाटतंय?" असं मला कुणी विचारलं नव्हतं. इथे ही परकी बाई रोज विचारत होती. आणि मी दर वेळी आधी तिच्या तोंडाकडे बघायची, हिला माझ्याकडून काय हवंय म्हणून.

एक मात्र मला कळेना. ती एकदाच विचारायची. "अजून घेणार?" मी रीतीप्रमाणे "नको नको" म्हणायची, आणि ती खरंच भांडं उचलून न्यायची! आपल्याकडे नको म्हणणं ही सुरुवात असते. तीनदा आग्रह झाला की मग माणूस घेतं. मी पहिल्या रात्री अर्धपोटी उठले आणि बाईला चिक्कू ठरवलं. दुसऱ्या रात्री तिने विचारल्याबरोबर "हो" म्हणाले. तोंडातून शब्द निघाला आणि कसंसंच झालं. पण तिने आनंदाने ताट भरलं. इथे जे बोललं जातं तेवढंच खरं धरतात, हे मला तेव्हा कळलं, आणि असल्या लोकांत आपण कसं निभावणार, असंही वाटून गेलं.

फिरायला जायचं म्हणजे शेतांमधून. वाट थेट कुणाच्या तरी मालकीच्या कुरणातून जाते, आणि मालक काही म्हणत नाही. अट एकच. वाटेत फाटकं लागतात, ती उघडली की पुन्हा लावायची, नाहीतर मेंढ्या दुसऱ्याच्या रानात जातात. ते लावायचं काम रांगेतल्या शेवटच्या माणसाचं. माझे गुडघे कुरकुरणारे, त्यामुळे शेवटची मीच. वाकलेल्या यजमानाने पहिल्याच दिवशी मला सांगितलं, "फाटकं तुमच्याकडे." मला वाटलं, म्हातारीला गुंतवायला काहीतरी काम दिलंय, वसाहतीत मामींना फुलं ओवायला बसवतात तसं. मी कडी अशी आपटली की दोन मेंढ्या उड्या मारत पळाल्या.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी मी एका फाटकाशी मागे राहिले. बाकीचे चढावर पुढे गेले होते. कुणी मागे वळून "आई, जपून" म्हणालं नाही, कुणी हात धरायला आलं नाही. फाटक जुनं, लाकूड फुगलेलं. ते गुडघ्याने जरा उचलून मग ढकलायचं, तर कडी बसते, हे मला तोवर जमायला लागलं होतं. ते लावलं आणि त्याच्यावर हात टेकून उभी राहिले. खाली सगळं खोरं, बांध, ढगांच्या सावल्या कुरणांवरून सरकताहेत, आणि कुठेतरी लांब कुत्रा भुंकतोय. माझ्या मनात आलं, मला इथे राहायला आवडेल. फार आवडेल. मुलगा आणि सून इथे असती, संध्याकाळी त्या दगडी घरांपैकी एकात कुकरची शिट्टी वाजली असती, तर मला आणखी काही नको होतं. मला एकदम रडू आलं. आजूबाजूला मेंढ्यांशिवाय कुणी नाही हे बघून घेतलं, आणि थोडी रडले.

त्या दुपारी मुलाने फोनवर विचारलं, "आई, खरं सांग. एवढं काहीच नाही आवडलं?"

माझी जीभ वळवळली. फाटकाचं सांगावंसं फार वाटलं. पण मामीही अशाच सांगत बसल्या होत्या, गोशाळा किती छान, देवळातली आरती किती छान. मी घट्ट झाले.

"काहीच नाही," मी म्हणाले. "मला घरी यायचंय. इथे मला एक दिवसही काढवत नाही."

 तो म्हणाला, "सरी. कळलं."

त्याचा आवाज पडलेला होता. मला वाटलं, चला, डाव उधळला. निघायच्या दिवशी यजमानीण मला मिठी मारून म्हणाली, पुन्हा या. मी तिच्यासाठी नेलेला खण आणि नारळ तिच्या ओटीत घातला. नारळ देवीच्या पायी लावून मगच देशाबाहेर न्यायचा, असं मी सुनेला सांगून एग्मोरच्या बाजारातून स्वतः निवडून आणला होता. बाईने तो नारळ दोन्ही हातांत धरला, आणि आता याचं काय करायचं असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. पण तिने तो छातीशी धरून ठेवला, मोटार वळेपर्यंत.

चेन्नईला विमानतळावर दोघं आली होती. बाहेरच्या उकाड्याने चष्म्यावर वाफ धरली. घरी आल्यावर मी आंघोळसुद्धा न करता पाहणी केली. माझी खोली जागच्या जागी, देव जागच्या जागी, स्वयंपाकघरातले डबे माझ्याच क्रमाने. कुठे भिंत पाडलेली नाही, कुणाला घर दाखवल्याच्या खुणा नाहीत. फक्त सुनेच्या कपाटाच्या दारावर एक लांब, जाड, गरम कोट टांगलेला, दुकानाची चिठ्ठी तशीच. चेन्नईत पंख्याखालीही घाम येतो, तिथे हा कोट कशाला? मी विचारलं तर ती म्हणाली, "चुम्मा घेतलं, आई. परत देवून टाकणार." आणि ती कोट घेऊन आत गेली. कुणी कोइम्बतूरचं नाव काढेना. दोघं माझ्याशी नेहमीपेक्षाही प्रेमाने वागत होती, आणि आपसात कमी बोलत होती. चार दिवस मी वाट पाहिली. मग मला राहवेना.

रविवारी सकाळी दोघं कॉफी पीत बसली होती. मी समोर जाऊन बसले.

"कोइम्बतूरचं काय ठरलं?" मी विचारलं.

"कोइम्बतूरला काय आहे?" मुलगा म्हणाला.

"सोंग नको. मामींना टाकलं तसं मला कुठे टाकायचं ते बघायला पाठवलंत ना मला? मी सगळं ऐकलंय. आधी आई रमते का बघू, मग कळवतो. कुणाला कळवणार होतास?"

 सुनेच्या हातातला कप कलंडला, कॉफी साडीवर सांडली, तरी तिचं लक्ष नव्हतं.

"अय्यो, आई," ती म्हणाली. "तुम्हाला टाकून देतो म्हणून वाटलं का तुम्हाला?"

मग मुलगा बोलायला लागला. त्याच्या कंपनीने त्याला इंग्लंडातली जागा देऊ केली होती. चांगली बढती, चार-पाच वर्षं तरी. ऑफिस ज्या छोट्या शहरात, तिथून माझं ते खेडं मोटारीने पाऊण तासावर. घर मिळणार होतं तेही तसल्याच गावात. सुनेलाही तिथल्या शाळेत काम मिळण्यासारखं होतं. त्याने कंपनीला सांगितलं होतं, आईशिवाय मी येणार नाही, आधी तिला तिथे जमतंय का बघतो.

"मग मला का नाही सांगितलंस?" मी ओरडलेच.

"सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस? माझ्या बढतीसाठी तू ध्रुवावर राहायला तयार झाली असतीस. नंतर तिथे कुढत बसली असतीस, आणि मला कधी कळू दिलं नसतंस. मला तुझं खरं मत हवं होतं."

"मग आता?"

"आता काय? तू निघायच्या दिवशीच मी नाही म्हणून कळवलं. दुसऱ्या माणसाचं नाव गेलंसुद्धा." आणि मग हसून, "विडु, आई. जाऊ दे. इथे काय वाईट आहे?"

 मी त्याचा हात धरला.

"अरे, मला आवडलं होतं," मी म्हणाले. "सगळं आवडलं होतं. जेवण आवडलं, ती बाई आवडली. तिथे एक फाटक होतं, टेकडीवर. तिथे उभी राहून मी रडले रे, इतकं आवडलं. तुम्ही दोघं असतात तर बरं, असं माझ्या मनात आलं. देवाशपथ."

त्याने माझ्या हातावर दुसरा हात ठेवला, अगदी हळुवार. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. आणि त्याचा माझ्यावर काडीचाही विश्वास बसला नव्हता, ते मला स्वच्छ दिसलं.

"हेच म्हणतो मी," तो म्हणाला. "आत्ता आमचं कळलं तर लगेच फिरलीस की नाही? म्हणूनच नव्हतं सांगितलं."

"अरे, खोटं ते होतं, फोनवरचं!"

"आठ दिवस रोज? आई, पुरे. तू कशासाठी बोलतेयस ते मला कळत नाही का?"

मी पुष्कळ सांगितलं. लोणी आणि पिठाच्या त्या पदार्थाचं सांगितलं, कॉफीचं सांगितलं, ढगांच्या सावल्यांचं सांगितलं. जितकं सांगावं तितका तो जास्त प्रेमाने माझ्याकडे बघायला लागला. शेवटी तो उठला, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि आंघोळीला गेला. मी त्याच्या जागी असते तर मीही हेच केलं असतं. ज्याला कशासाठी विचारतात ते ठाऊक नाही, त्याचं बोलणं खरं धरायचं, आणि ठाऊक झाल्यावरचं सोडून द्यायचं. बँकेत मी जन्मभर तेच केलं.

सून आपली साडी पुसत बसली होती. पाण्याचा आवाज सुरू झाल्यावर ती माझ्याजवळ सरकली.

"आई," ती हळूच म्हणाली, "त्यांचं राहू द्या. मला एकटीला सांगा. दोन्हीतलं खरं कोणतं?"

तिचा चेहरा अगदी जवळ होता. महिनाभर तिने त्या गावाची चित्रं बघितली असतील, शाळेची चौकशी केली असेल, कोट अंगावर घालून आरशासमोर उभी राहिली असेल, आणि माझ्यासाठी सगळं सोडताना एक शब्द बोलली नव्हती. तिने विचारलं एकदाच, आणि मी जे सांगेन ते खरं मानणार होती.

"फोनवरचं," मी म्हणाले. "फार थंडी ग तिथे. भिंतींना ओल. माणसं नुसती वरवरची गोड. तू तर आठ दिवसांत आजारी पडली असतीस."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मग तिचे खांदे जरा सैल झाले.

"मग बरंच झालं की," ती म्हणाली.

"बरंच झालं," मी म्हणाले, आणि तिच्या हातातून कप घेऊन धुवायला उठले.